जळालेला इंच आणि पृथ्वीचा घेर

...आणि वर शाळेतले सर मलाच म्हणतात, "तुमच्या मुलीनं पृथ्वी चार हजार किलोमीटरनं आटवली." आता तुम्हीच सांगा, मी शिलाई मशीनवर बसणारी बाई, शाळा चौथीपर्यंत, मला काय ठाऊक पृथ्वीचा घेर? ती आजवर माझ्याकडे माप द्यायला आलेली नाही.

तुम्हाला सांगते, माझ्या टेपला पहिला इंचच नाही. धाकटी रांगत होती तेव्हा इस्त्रीखाली जळाला, मी कात्रीनं कापून टाकला. एका इंचासाठी धडका टेप कोण फेकतं? तेव्हापासून घरात एकच मंत्र... मापलं की एक वजा कर. पँट असो, पडदा असो, एक वजा कर.

तर परवा धाकटी माझ्या गळ्यातला टेप ओढून शाळेत पळाली. का, तर पृथ्वी मोजायची. कशानं? काठीनं. भरदुपारी मैदानात मीटरभर काठी उभी करायची, तिची सावली मोजायची. आठशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत त्याच वेळी काठीला सावलीच पडत नाही म्हणे, आणि त्यावरून सर पृथ्वीचा घेर काढणार. जमलं तर पोरगी विज्ञान मेळाव्याला. आकडा पाच वाजेपर्यंत मेळाव्याच्या लोकांना कळवायचा. यायला हवे चाळीस हजाराच्या आसपास, आले पस्तीस हजार सहाशे.

चार वाजता पोरगी मुसमुसत दारात. "आई, सर म्हणाले माझं माप चुकलं, आता दुसरीला पाठवणार."

मी हातातली पँट तशीच सुईखाली सोडली आणि तरातरा शाळेत. सर आपले चष्म्यावरून बघत, "हे पाहा ताई, मापनात अचूकता लागते..."

म्हटलं, "सर, अचूकता मला सांगता? तुमची ही पँट मागून झोळ खातेय, ती कुठल्या अचूक शिंप्यानं शिवली?"

सरांनी मागचा झोळ चाचपला आणि पोरीकडे वळले. "किती भरली सावली?"

"पंधरा पूर्णांक दोन सेंटिमीटर."

"मग?"

"मग एक वजा केला."

एक काय? सेंटिमीटर! अगं बाई, जळाला होता इंच. एका इंचात अडीच सेंटिमीटर जातात, हे मला पडदेवाल्या गिऱ्हाइकांनी भांडून भांडून शिकवलंय. पोरीनं टेपची दुसरी, सेंटिमीटरची बाजू वाचली आणि मंत्र मात्र घरचाच म्हटला. मी खडू उचलला, फळ्यावर पंधरा पूर्णांक दोनातून अडीच काढले, म्हटलं, घाला आता तुमचं गणित. आले एकोणचाळीस हजार सातशे नव्वद. पाचाला पाच कमी असताना सरांनी फोन लावला, आणि पोरगी मेळाव्याला पक्की.

सर इतके खूश, की मला कोराकरकरीत टेप दिला, पहिल्या इंचासकट. वर मेळाव्यासाठी पँटचं कापड. मी नव्या टेपनं कमर घेतली, कापलं, शिवलं. काल सर घालून बघतात, तर पोट आत, श्वास बंद, आणि बटण काही काजापर्यंत पोचेना.

केला की मी एक वजा.

काय करणार... पृथ्वी हजारो किलोमीटर चुकली, ती एका फोनवर सुधारली. सरांची कमर इंचभर चुकलीय, ती सकाळपासून उसवत बसलेय.