सापेके दार वाजवतात तेव्हा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्यातल्या निम्म्यांचे कान पिळलेले निवृत्त मुख्याध्यापक दोसझान गुरुजी. जिल्ह्याहून बर्फातून वाट काढत आलेले पाहुणे. तांब्याच्या खाणीचे साहेब लोक. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय ते आज रंगमंचाचा निरोप घेणारे आपले ज्येष्ठ नट सापारगाली, ज्यांना आपण मानाने सापेके म्हणतो. आणि समोर कोट अंगातच ठेवून बसलेल्या माझ्या तासबुलाककर बंधुभगिनींनो,

गुरुजी, बसून बोलले तर चालेल? नाही? बरं, उभी राहते. गुडघे माझे आहेत, समारंभ तुमचा आहे.

माझ्या आधी बरेच जण बोलले. कोणी सापेक्यांना पर्वत म्हटलं, कोणी गरुड म्हटलं. प्रत्येकाने जाता जाता एकेक मानाचा झगा त्यांच्या अंगावर चढवला. आता आत माणूस कुठे आहे ते शोधावं लागतंय. सापेके, उकडत असेल तर वरचे दोन काढा हो, कोणी रागावणार नाही. मी झगा आणलेला नाही. मला त्यांनी एक काम दिलंय, ते करायला मी आलेय. काम अवघड आहे, म्हणून जरा आडवळणाने जाते.

मला ओळखत नसाल तर मी कामशात. याच रंगमंचावर आयुष्यभर सापेक्यांची बायको झाले. कधी राणी, कधी मेंढपाळाची बायको, कधी नुसतीच कजाग. माझ्या खऱ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "तिथे एवढं गोड बोलतेस, मग घरी काय होतं?" म्हटलं, तिथे लिहून देतात.

सापेक्यांच्या भूमिकांची यादी मघाशी वाचून झाली. पण त्यांची सगळ्यात मोठी भूमिका त्या यादीत नव्हती. यादीत कोण घालणार ती? इथे बसलेल्या कितीतरी घरांनी ती पाहिलीय, दारात उभं राहून, आणि पुन्हा पाहायची वेळ येऊ नये म्हणून हात जोडलेत.

आपल्याकडे मरणाची बातमी धाडकन सांगत नाहीत. वडीलधारी माणसं दाराशी जातात. डोंगराचं बोलतात, बर्फाचं बोलतात, थकलेल्या घोड्याचं बोलतात आणि ऐकणाऱ्याला हळूहळू त्या शब्दापाशी नेतात. त्याला धीर लागतो, तसा गळाही लागतो. एका हिवाळ्यात खाणीत दरड कोसळून एक कामगार गेला. वडीलधारी मंडळी त्या कामगाराच्या घरी निघाली खरी, पण कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. वाटेत हे नाट्यगृह लागलं. आत सापेके खान होऊन गरजत होते. ऐन तारुण्यातला आवाज, बाहेर रस्त्यापर्यंत यायचा. मध्यंतरात त्यांना बोलावून म्हणाले, "पोरा, तुझा आवाज चांगला आहे. तू चल."

पोरगा गेला. घाईत खोटी दाढीही काढायची राहिली. ती विधवा, आपली कालाम्पीर, पुढे म्हातारपणी मला सांगायची, "अगं, मला वाटलं खुद्द खानच आलाय माझ्या घरी. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी आला म्हणजे माझा नवरा काही साधासुधा नव्हता." एवढ्या आधारावर तिने पोरं वाढवली.

झालं. तेव्हापासून गावाला सवय लागली. खाण असो, रस्ता असो, दवाखाना असो, आधी फोन सापेक्यांना. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. एक नेम मात्र केला. ज्या घरी अशी बातमी नेली, त्या घरचा चहा घ्यायचा नाही. म्हणायचे, "रडणाऱ्या बाईला चूल पेटवायला लावू नये." आणि गाव केवढं आपलं? बघता बघता चहाला जागाच उरली नाही.

त्याचे परिणाम आम्ही इथे भोगले. त्यांना विनोदी नाटक देता येईना. एकदा मुलीला मागणी घालायला आलेला सोयरा केला होता त्यांना. प्रवेश केला आणि पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. मी नवरीची आई, मला हसू आवरेना, आणि प्रेक्षक मुसमुसताहेत. नाटक पडलं. आणखी एकदा घरातलं मीठ संपलं म्हणून ते शेजारी गेले. शेजारणीने दारात त्यांना पाहिलं आणि भिंतीला टेकून हंबरडा फोडला. हे बिचारे वाटी पुढे करून म्हणताहेत, "वहिनी, मीठ. अहो, नुसतं मीठ हवंय." तुम्ही हसताय. मीही हसले होते. ते नव्हते हसले.

मग त्यांच्या खऱ्या बायकोचं, बाल्झानचं झालं. ती दवाखान्यात होती आणि आमचा दुसरा अंक चालू होता. मी विंगेत आले तर तिथे तिघं जण टोप्या हातात धरून उभे. गुरुजी, त्यात तुम्ही होता. सापेके आत आले, त्यांनी तिघांकडे पाहिलं. त्यांना कोण काय सांगणार होतं? गुरुजींनी डोंगरापासून सुरुवात केली, बर्फापर्यंत आले आणि अडले. पुढचं आठवेना. ओठ नुसते हलत होते. तेव्हा सापेक्यांनी गुरुजींचा हात हातात घेतला आणि उरलेलं सगळं स्वतःच म्हटलं. घोडा, वाट, सगळं. शेवटचा शब्दसुद्धा. स्वतःच्या बायकोच्या मरणाची बातमी त्या माणसाने स्वतःला सांगितली. मी तिथे होते.

आता कामाचं बोलते. गेल्या आठवड्यात गुरुजी सापेक्यांच्या घरी गेले. मीही होते, भाकरी थापत होते. गुरुजी म्हणाले, "नाटक सोडतोस ते ठीक, वय झालं. पण ते दुसरं सोडू नकोस रे. गावाला तुझी सवय झालीय."

सापेके म्हणाले, "सवय तुम्हाला झालीय, गुरुजी. मला नाही झाली."

"मग आम्ही धाडायचं कोणाला?"

"तुम्ही जा."

"मी? मी अडखळतो रे. तू पाहिलंयस."

"पाहिलंय म्हणून तर सांगतो. त्या दिवशी तुम्ही अडखळलात, तेवढंच मला बरं वाटलं. सफाईने सांगणारा मी एकटाच होतो."

गुरुजी म्हणाले, "बरं, मग तू दिवसभर करणार काय?"

"लोकांकडे चहाला जाईन."

गुरुजी, तुम्ही हसलात. तुम्हाला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. बाल्झान गेल्यापासून हा माणूस एकटा वाटीत चहा ओततो आणि एकटा पितो. टाळ्या या गावाने त्यांना पोटभर दिल्या, घरात बसवून कोणी घेतलं नाही. ते रस्त्याने जायला लागले की पडदे सरकतात. मी नावं घेत नाही. माझंही घर त्याच रस्त्यावर आहे.

तर त्यांनी मला दिलेलं काम हे. म्हणाले, "कामशात, माझ्या तोंडून लोकांना वाईटच ऐकायची सवय आहे. हे तू सांग." म्हणून सांगते. आजपासून सापेके कोणाच्याही दारी मरणाची बातमी घेऊन जाणार नाहीत. कुजबुज नंतर करा. ज्याच्यावर वेळ येईल त्याने स्वतः जावं, अडखळावं, मध्येच रडावं. चालतं. ते दमलेत हो. फार दमलेत.

गुरुजी घड्याळ बघताहेत, आत मांस शिजून तयार आहे आणि मानाचं म्हणून मेंढ्याचं डोकं आज सापेक्यांच्याच पुढे यायचंय, तेव्हा आवरते. खाणीच्या साहेबांनी बस पाठवली, स्वयंपाकघरातल्या बायका पहाटेपासून राबताहेत, तुम्ही या गारठ्यात बसून राहिलात, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर थकलेल्या बाईची बडबड म्हणून पोटात घाला.

सापेके, तुम्ही उद्या दुपारी पहिल्यांदा माझ्याकडे यायचं कबूल केलंय. माझा मुलगा उद्या खाणीत पाळीवर असेल, हे तुम्हाला ठाऊक आहे. दारात तुम्ही दिसलात की मला आधी खाणच आठवणार. तुम्ही येणार हे ठाऊक असूनही आठवणार. तरी मी दार उघडेन. काय झालं म्हणून विचारणार नाही. या, बसा, चहा झालाय, असंच म्हणेन. माझा आवाज कापला तर तेवढं ऐकलं नाही असं करा.