दुसरं दावं

चिचगडहून देवरीला जाणाऱ्या एसटीत नर्स प्रेरणाच्या पुढच्या बाकावर निर्मलाबाई आणि तिची धाकटी जाऊ ललिता बसल्या होत्या. ललिताचा नवरा पोळ्याच्या दिवशी तलावात बुडाला होता. त्याचे कागद प्रेरणानंच भरले होते.

"भाऊजीले बांधून आल्या का, बाई?" ललितानं थोरल्या दिराबद्दल विचारलं.

"बांधून नोको म्हणू वो. बांधते ढोराले. माणसाले थांबवून ठेवते."

"पण दावं तं म्हशीचंच हाय न?"

"मंग काय करू? सारखे तलावाकडे जाऊन राहिले. म्हणते, लहान भाऊ पाण्यातून हाका मारते."

"दाव्यानं थांबते का?"

"काल दुपारी पाह्यलं. खुंटा तसाच, गाठ तशीच, माणूस खाटेवर. पण पाय गुडघ्यापर्यंत ओले. पायाले शेवाळ."

प्रेरणानं नकळत आपले पाय बाकाखाली ओढून घेतले.

"म्हणून बाजारातून जाड दावं आणाले चालली," निर्मलाबाई म्हणाली.

ललितानं पदराच्या गाठीतले पैसे काढून तिच्या हातात ठेवले.

"बाई, दोन घ्या."

"दुसरं कायले वो?"

"परवापासून मलेही हाका ऐकू येऊन राहिल्या."