हळदीचे दिवे

खरं सांगतो, चूक माझीच होती. खंडेनवमीला बायको गाडीच्या दिव्यांना हळद-कुंकू लावते. पूजेची हळद पुसायची कशी, म्हणून गाडी धुताना मी दिवे सोडून द्यायचो. वर्षानुवर्षं ते पिवळेच दिसायचे आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

परवा दिवेलागणीला बेलूरच्या कारखान्यांच्या वसाहतीतून परत येत होतो. कारखान्यातून सुटलेली एक पोरगी सायकलवरून अगदी गाडीपुढेच आली. मी कसाबसा ब्रेक दाबला.

"अज्जा, दिवे तरी लावायचे की!"

"लावलेत की गं, बाळ."

तिनं वाकून पाहिलं. "हे लावलेत?"

दुसऱ्या दिवशी केशवापुरातल्या मेकॅनिकनं दिव्यावर अंगठा घासला. "अप्पा, ही हळद नव्हं. उन्हानं प्लास्टिक करपलंय. पॉलिश केलं तर सहा महिने चालेल. नवे दिवे महाग पडतील."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पॉलिशवर भागवू."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ही पोरगी ओरडायला तरी उरली. सहा महिन्यांनी पुढ्यात येईल ते माणूस उरेल?"