दसऱ्यापर्यंत कळ

हां हां हां… तिथंच! पायरीच्या खालीच बसा, पडवीत नका येऊ! बघायला आलात ना मला? मंग लांबून बघा, मी काय एवढा बारीक नाय झालो! आता तुमी म्हणाल, नागूला गर्व चढला. तुमाला सांगतो, गर्व नाय हो, गोळ्या हायत गोळ्या! माझ्या दोन्ही किडन्या कामातनं गेल्या, तवा थोरल्या भैनीनं, मोतीबाईनं, तिची एक काढून दिली, मुंबईच्या इस्पितळात ती माझ्या पोटात बसवली, आन् ती टिकावी म्हणून जलमभर गोळ्या. त्या काय करतात ठाव हाय? अंगातली रोगाशी झगडायची ताकदच मारतात! मी डाक्तरला इचारलं, सायेब, ताकद मारायला औषध? तर नाकातनं बोलतो कसा, 'नाहीतर तुमचं शरीर बहिणीच्या किडनीला परकी समजून हाकलून देईल, नागूराव!' म्हंजे पाहुण्याला चावू नये म्हणून राखणीचा कुत्रा बांधून ठेवायचा. आन् चोर आला तर? तर म्हणे, चोर येईल तिथं राहायचंच नाय! ओल नको, बुरशी नको, उंदीर नको, डास नको, चिखलात पाय नको, खोकणारं माणूस नको… अवो सायेब, मी खालापूरच्या भातखाचरांत राहतो, हे सगळं काढलं तर गावात उरतं काय? देऊळ! आन् ते पण गळतं! तर हसला आन् म्हणाला, 'फक्त दसऱ्यापर्यंत कळ काढा.'

काढली! धाकट्या भावानं, चांगोनं, मधल्या खोलीला सिमिटाची जमीन केली, खिडकीला जाळी ठोकली, कौलांखाली फळ्या मारल्या, कोपऱ्यात शेगडी ठेवली. साऱ्या घरात तेवढीच एक कोरडी खोली, आन् तिच्यात मी! लावणीला सगळं घर चिखलात, मी आत! गणपती आले, गणपती गेले, मी आत! आन् लोकं येतात बघायला. आपल्याकडं रीतच हाय, आजाऱ्याला बघायला नाय गेलं तर वाईट दिसतं. पण मोकळ्या हातानं कोण येत नाय हो, कोण खोकला घिऊन येतो, कोण ताप! हा पोशा… हां, तूच, मागं काय लपतोस? जाळीला नाक लावून शिंकला आन् वर इचारतो, 'नागूदादा, भैनीचा गुरदा बसवलास, आता लुगडं नेसशील काय रं?' माझी बायको सोनुबाई केरसुणी घिऊन दारात, 'जावा भावजी, दसऱ्यानंतर या!'

आला दसरा. दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधल्या, सोनं वाटलं, म्हटलं सुटलो! आन् पाऊस? तो कुठं जातोय! आमच्या लहानपणी घट बसले की पाऊस आवराआवर करायचा, तुमाला सांगतो, कोणी हाकलायला लागत नव्हतं. आता पंच्याऐंशी साल उजाडलं, एकाची किडनी दुसऱ्याला बसवतात, पण पाऊस कधी जाईल ते कोण सांगत नाय! म्हातारा आबाजी म्हणतो, 'डोंगर बोडके केलेत रं, पाऊस भरमिष्ट झालाय.' थंडी पडत नाय म्हणून डास मरत नाय. डाक्तरला निरोप धाडला, तर म्हणे पाऊस जाईपर्यंत थांबा. मंग दसऱ्यापर्यंत कळ काढा, हे कशाला बोललास रं बाबा?

दिवाळीच्या तोंडावर ऊन पडलं. रेडिओवरची बाई गोड आवाजात म्हणाली, 'हवामान कोरडं राहील.' बस्स! सगळ्यांनी भात कापलं, वाळायला खाचरात आडवं टाकलं, आन् भाऊबीजेच्या दुपारी… धो धो धो! कापलेलं भात पाण्यात. भिजत पडलं तर तिथंच मोड येतात, वर्षाचं खाणं गेलं! सगळी धावली, भारे बांधून आणले, पण ठेवायचं कुठं? ओटी गळते, गोठ्यात चिखल… कोरडी जागा एकच!

चांगो अंगणात उभा. डोक्यावर भारा, भाऱ्यातनं पाणी तोंडावर, आन् नजर माझ्या खोलीच्या दारावर. मोतीबाई भाऊबीजेला आलेली, ओवाळायचं ताट हातात, तशीच माझं दार अडवून उभी राहिली. 'चांगो, पाऊल टाकशील तर बघ! माझी किडनी हाय आत!' तो म्हणाला, 'बाय, मी काय बोललो काय?' 'मंग जा की!' 'कुठं जाऊ?'

मी सोनुबाईकडं बघितलं. ती भाताकडं बघत होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, लय वाईट वाटलं! पण ते भात मी पण खाणार होतो ना? उठलो, मोतीबाईचा हात बाजूला केला, म्हटलं, आणा आत. ती ताट ठेवून रडत बसली, ओवाळायचं राहूनच गेलं.

आता भात आत, मी पडवीत! शेगडी भाताला! सोनुबाई घडीघडी जाऊन भारे उलथेपालथे करते, हात लावून बघते, ऊब धरली काय, ओल राहिली काय… माझ्या कपाळाला एवढा हात… जाऊ द्या. उंदीर आले, त्यांना सिमिटाची जमीन लय आवडली! भिंतीला बुरशी आली. आन् तुमी बघायला येता, आल्या आल्या काय इचारता? 'भात वाळलं काय रं?' वाळलं! झ्याक हाय भाताची तब्येत!

माझी? कालपास्नं अंग कसकसतंय, हुडहुडी भरतेय… हळू बोला, आत ऐकू जाईल! सोनुबाईला बोललो नाय, मोतीबाईला तर नायच नाय. किडनी तिची हाय, तिला कुठल्या तोंडानं सांगू? उद्या तपासणीला मुंबईला जायचंच हाय. डाक्तर चष्म्यावरनं बघणार, 'नागूराव, ओलीत गेला होतात?' मी कुठं गेलो, सायेब? मी आतच होतो, ओलच आली! तरी पण तो तेच म्हणणार, 'दसऱ्यापर्यंत कळ काढा.' काढीन की. काढतोच हाय. फक्त कंच्या सालच्या दसऱ्यापर्यंत, तेवढं इचारायचं मागल्या खेपेला राहिलं बघा.