जूनच्या आधीची जांभळं

खानापूरहून निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक आत्या होती आणि रोपवाटिकेत नोकरीला असलेली तिची भाची.

“आत्या, मांडीवर ओलं गाठोडं कसलं गं?”

“जांभळाच्या बिया. वाळल्या तर उगवायच्या न्हाईत.”

“पण आमच्या रोपवाटिकेच्या तक्त्यात बी जूनमध्ये गोळा करायचं, असं लिहिलंय.”

“तक्ता झाडानं वाचलाय व्हय? ऊन लई वाढलं, मे लागताच जांभळं पिकून पडली. जूनला गेलीस तर डोंगरावर लावायला एक रोप मिळायचं न्हाय.”

“थांब, रोपवाटिकेत फोन लावते. हॅलो, साईराज, वाफे आत्ताच भिजव, बिया घेऊन येतेय. तक्त्यातला जून खोड, मे लिही. ‘कुणी सांगितलं’ या रकान्यात तानीबाई लिही.”

“माझं नाव कशापायी गं?”

“पुढच्या साली कुणाला विचारायचं, ते कळायला नको?”