वजनाचा आकडा

शनिवारी सकाळी दहा वाजता वेस्ट मांबलममधल्या सायकल दुकानात बँकेतले उमाकांत आणि त्यांची मुलगी कीर्ती मागचं चाक घेऊन आले. मी पंक्चरसाठी थांबलो होतो. दुकानदार राणोजींनी तुटलेला आरा हलवून पाहिला.

“पुन्हा चेनकडचाच. तुमचं वजन किती, सार?”

“पंच्याण्णव.”

“बाबा!”

“दिवाळीत मोजलं होतं.”

“कुठल्या दिवाळीत?”

“कीर्ती, गप्प बस जरा.”

“पंच्याण्णव असेल तर बत्तीस आऱ्यांचं चाक पुरेल, सार. शंभराच्या वर असेल तर छत्तीस घालतो, जाड आरे.”

“छत्तीसचं जड होईल ना?”

“चाक? थोडंसं. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

“बाबा, आई म्हणालीय, आता आरा तुटला तर सायकल विकायची. पुलावर पडलात तेव्हा मागे बस होती.”

“थांबली ना बस?”

“थांबली म्हणून तर इथे पंच्याण्णव सांगताय.”

“राणोजी, तुम्हीच अंदाजाने थोडं जास्त धरा की.”

“अंदाजाने चाक बांधत नाही मी, सार. शेजारी रद्दीवाल्याकडे काटा आहे. उभे राहून या.”

“रद्दीच्या काट्यावर? सगळ्यांसमोर?”

“मी तुमच्यापुढे उभी राहते, बाबा. आकडा कुणाला दिसणार नाही.”

“आणि मी? मी दिसणारच ना!”

मी निघालो तेव्हा उमाकांत रद्दीच्या दुकानात होते. पाकीट, मोबाइल, किल्ल्या आणि घड्याळ त्यांनी कीर्तीच्या हाती दिलं होतं आणि आता ते बुटांच्या नाड्या सोडत होते. काट्यावर पाय अजून ठेवला नव्हता.