चार बोटांच्या सात पायऱ्या

— सांभाळा, सांभाळा. लागलं नाही ना? दिसत होतंच मला, तुम्ही तिथे अडखळणार. या, खाली मधल्या टप्प्यावर या, ह्या बाकावर बसा, त्या दारापाशी नको. मोजायचं नंतर मोजा हो, कुठे पळतंय? रीडेव्हलपमेंटवाले ही वाडी मोजायला चौथ्यांदा येतायत, इमारत आपली आहे तिथेच आहे. पाणी देऊ? मालन — अगं मालन — नाहीये वाटतं. बायको माझी. पलीकडे असेल, आईकडे. दिवसाचे चार तास ती तिकडेच असते हल्ली. आता मला सांगा मॅडम, पहिल्या सहा पायऱ्या चढलात तेव्हा खाली बघितलंत का? नाही ना? बघावं लागतच नाही. एकदा पायाला उंची कळली की पाय त्याचा तो चढतो. चार बोटं, चार बोटं, चार बोटं — हे बघा, पंजा आडवा धरला की जेवढी होतात तेवढी. पट्टी नाही, टेप नाही. आणि सातवीला पाय ठेचला. ठेचणारच.

कोणी केलंय म्हणजे? मी केलंय. चिंतामणी मेस्त्री. गिरगावात अर्ध्या घरांचे दरवाजे माझ्या हातचे होते, आता ती घरंच राहिली नाहीत तो भाग वेगळा. आमची मेघना — मुलगी — तिने मोबाइलवर फोटो दाखवले परदेशातले, म्हणाली, बाबा ह्याला डेक म्हणतात. म्हणोत. आमच्याकडे मागच्या परसात असलं कोणी बांधलं नव्हतं. परस कसलं, चिखल. तीन टप्पे केले मी. माझ्या दाराशी खालचा, हा मधला, आणि तो वरचा रघुच्या दाराला लागलेला. रघु म्हणजे धाकटा भाऊ. त्याच्या बाजूचं जोतं उंच आहे, इमारतीचा तो भाग मागून बांधला म्हणून. लाकूड बघा — सागवान, माझगावला एक जुनी इमारत पाडत होते तिथून आणलं. दोन फळ्यांत रुपयाच्या नाण्याएवढी फट, पाणी साचत नाही, आठ महिने झाले, एक फळी हलली नाही. पायऱ्या सात, सातवी म्हणजे वरच्या टप्प्यावरून थेट रघुच्या उंबऱ्यावर; कारण सम नसतात आमच्यात, विषमच घालायच्या. उतार का नाही केला? सगळे हेच विचारतात. म्हाताऱ्या माणसाचा पाय उतारावर सुटतो, पायरीवर टेकतो. म्हणून.

आईसाठी केलं ना हे. अठ्ठ्याऐंशीची आहे, गंगुबाई. एक महिना माझ्याकडे, एक महिना रघुकडे — अशीच वाटणी असते, तुमच्याकडेही असेल कोणाची. तर दर एक तारखेला तिला खुर्चीत घालून चौघं उचलायचो आणि चिखलातून पलीकडे न्यायचो. गॅलरीतून लोक ओरडायचे, आली आली पालखी आली. त्यांची मस्करी, पण तिचा चेहरा बघवायचा नाही. म्हणायची, "माका जित्तेपणी खांद्यार कित्याक घेतत रे?" तिला आपल्या पायाने यायचं होतं. एवढंच. सोनं नाही मागितलं, काशी नाही मागितली — एका मुलाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात आपल्या पायाने जायचं होतं. मी तिला भिंतीला धरून उभी केली, म्हटलं, आये, पाय उचल, किती उचलतो बघू. चार बोटं उचलला तिने. त्याच्यावर एक सूतही नाही. त्या चार बोटांवर हे सगळं उभं आहे.

आता उंची धरायची कशी? तुमच्याकडे मशीन असतील, आमच्याकडे पाण्याची नळी. पारदर्शक नळी, पाणी भरायचं, एक टोक ह्या दाराशी, दुसरं त्या दाराशी, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. पाणी खोटं बोलत नाही. पण माणसं दोन लागतात. तीस वर्षं माझं दुसरं टोक रघुने धरलं. मी इकडून म्हणायचो "बोल", तो म्हणायचा "थांब… हां, मार खूण". एवढंच बोलणं, दिवसभर. आणि मग — अकरा वर्षं झाली — तो दादरला मॉड्युलर किचनच्या दुकानात लागला आणि एका गिऱ्हाइकासमोर, मी समोर उभा असताना, म्हणाला, आमच्या दादाची पद्धत जुनी आहे, तुम्हाला चालणार नाही. झालं. बोलणं बंद. एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. तुम्हाला एवढं वाटतं. ज्याला मी रंधा धरायला शिकवला त्याने सांगायचं, दादा जुना झाला? मग नळीचं दुसरं टोक मी त्याच्या चौकटीला खिळा मारून बांधलं आणि एकट्याने माप घेतलं. नळीत बुडबुडा राहिला. एकटा माणूस दोन्हीकडे कसा बघणार? बुडबुडा राहिला की पाणीसुद्धा खोटं बोलतं.

मग आई पडली. गेल्या दिवाळीनंतरची एक तारीख. ह्या पायऱ्यांवरून पहिल्यांदाच निघाली माझ्याकडून, माझा हात झिडकारला, म्हणाली, सोड, मिया जातंय. सहा पायऱ्या चढली. गॅलरीत सगळी वाडी उभी होती, टाळ्या वाजवत होते मेले. सातव्या वेळी पाय चार बोटं उचलला आणि उंबरा वर राहिला. खुबा मोडला. तेव्हापासून रघुच्याच घरात आहे, हलवता येत नाही, सात महिने झाले, पाळी तिथेच अडकली. मी तिकडे जात नाही. भिंतीतून खोकला ऐकू येतो, तेवढं पुरे.

दोष कोणाचा? रघुचा. दिवाळीला त्याने उंबऱ्यावर संगमरवराची पट्टी बसवली होती, एक बोट जाडीची. मी सगळ्यांना सांगितलं, माझी पायरी सारखी होती, ह्याच्या शौकाने आईचा पाय अडकला. वाडीने ऐकलं. मेस्त्री चुकणार नाही, म्हणाले. त्याची बायको प्रितीसुद्धा त्याला टाकून बोलली, भर नळावर. त्याने काय केलं? काही नाही. छिन्नी घेतली आणि पट्टी उखडून काढली.

काय? हो… बरोबर आहे तुमचं. पट्टी आता नाहीये. तरी तुम्ही अडखळलात.

हुशार आहात. हळू बोला जरा. सहा बोटं आहे ती, सातवी. चाराच्या जागी सहा. मला कधी कळलं? फळ्या नुसत्या मांडून बघितल्या होत्या, ठोकायच्या आधी, तेव्हाच. हात लावल्याबरोबर कळलं, हाताला कळल्याशिवाय राहतंय का. उचलायचं, परत मापायचं, दोन बोटं सातांत वाटून टाकायची, दोन दिवसांचं काम. टाकणारच होतो, शप्पथ सांगतो. आणि तेवढ्यात वरून, खिडकीतून, रघु म्हणाला — अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलला — "दादा, शेवटची उंच वाटते." हातात कप होता त्याच्या. हसत नव्हता. हसला असता तरी बरं झालं असतं. बरोबर बोलला होता हो तो. आणि बरोबर बोलला म्हणूनच मी खिळा उचलला आणि ठोकला. त्याच्याकडे बघत ठोकला. पडलो तरी नाक वर, दुसरं काय. वाटलं, दोन बोटांनी कोणाचं काय अडतंय, आईला तिथे आधाराला चौकट आहे. तिचा पाय मीच मोजला होता आणि वाटलं, काय अडतंय.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. एवढी बोलणी खाल्ली, बायकोची खाल्ली, पण मी दादाला बजावलं होतं असं एकदाही म्हणाला नाही. त्याचाच राग येतो मला. सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

काल मालन तिकडून आली आणि म्हणाली, आईचा निरोप आहे. "चिंतूक सांग, ती शेवटची पायरी तेवढी सारकी कर. पुढच्या एक तारखेक मिया माज्या पायान येतलंय." मालन सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, ताटच पुसत होती. डॉक्टर म्हणतात आई आता उठायची नाही. पण तिने उंबऱ्याचं नाव घेतलं नाही, मॅडम. पट्टीचं नाही, रघुचं नाही. पायरी म्हणाली. सुताराची बायको होती ती पन्नास वर्षं, तिच्या पायाला तेव्हाच कळलं असणार. सात महिने पोटात ठेवलं तिने. हत्यारं बाहेर काढून ठेवलीयत सकाळपासून, ती बघा. पण पहिला खिळा उपटला की सगळी गॅलरी विचारणार — मेस्त्री, तुमची तर सारखी होती ना? मग काय सांगू?

नाही, टेप नका लावू. बसा — नको, उठाच तुम्ही. कागदावर लिहून घ्या, मी सांगतो. मागच्या परसात लाकडी बांधकाम, टप्पे तीन, पायऱ्या सात. उंची चार बोटं, तुमच्यात तीन इंच म्हणा. हो, सातही. बांधलंय मी, मला माहीत नसणार? लिहिलंत? मग झालं इथलं. पुढचं घर मोजा, आणि जाताना इकडून माझ्या दाराने जा, तिकडून नको.